विषय: १४ डिसेंबरचा बालवर्ग – ज्योतीवाचून पिरॅमिड फिरवायचा कसा?

प्रेषक: मेधा (बालवर्ग)
२४ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

सभागृहाचे पत्र आज आले. या हिवाळ्यापासून तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत उघडी ज्योत चालणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि आपल्या मराठी मंडळाच्या १४ तारखेच्या वर्गाचा कणाच नेमका तिथे अडला आहे. एर्झगेबिर्ग या डोंगराळ भागातला, वर तिरप्या पात्यांचे चाक असलेला नाताळचा लाकडी पिरॅमिड मांडून, मेणबत्त्या लावून, वरचे चाक का फिरते हे चार ते सात वर्षांच्या मुलांनाच शोधायला लावायचे, असे दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरले होते. ड्रेस्डेनची ही मुले दर वर्षी श्ट्रीत्सेलमार्क्ट या नाताळबाजारातला चौदा मीटरहून उंच पिरॅमिड पाहतात; पण असे मोठे पिरॅमिड मोटारीवर फिरतात, त्यामुळे ज्योत आणि चाक यांचा संबंध त्यांच्या कधी लक्षात येत नाही. घरच्या पिरॅमिडजवळ बसले की तो संबंध डोळ्यांसमोर उलगडतो.

बॅटरीच्या मेणबत्त्या लावाव्यात, अशी सूचना कृपया कोणी करू नये. त्यांनी उजेड पडेल, चाक हलणार नाही, आणि वर्गाऐवजी नुसती आरास उरेल. पालकांचे पत्रक शुक्रवारी जाते, म्हणून गुरुवारपर्यंत उत्तरे यावीत.

मेधा


प्रेषक: अनंत
२४ नोव्हेंबर

चि. मेधा,

गणेशोत्सवात याच वास्तूत पाच दिवस समई तेवत होती. त्या वेळी परवानगी मिळाली, तर चार छोट्या मेणबत्त्यांना अर्ध्या तासासाठी का मिळू नये? व्यवस्थापनाशी नीट बोलले तर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे. हवे असल्यास मी उद्याच जाऊन येतो.

अनंतकाका


प्रेषक: सुनील (सभागृह व्यवस्था)
२५ नोव्हेंबर

अनंतकाका,

समईची परवानगी मोठ्या दालनापुरती होती. तिच्यासाठी लेखी अर्ज दिला होता, अग्निरोधक चादर जवळ ठेवली होती आणि समईपाशी सतत एक जण बसलेला होता, हे आपणही पाहिले आहे. छोट्या खोलीतील धूरसूचक यंत्र थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असून, विनाकारण गाडी आली तर तिचा खर्च मंडळाने भरावा, असे करारात कलम आहे. त्या करारावर मंडळाच्या वतीने मी सही केलेली आहे. त्यामुळे या विषयावर व्यवस्थापनाशी कोणीही परस्पर बोलू नये, ही आग्रहाची विनंती.

सुनील


प्रेषक: सुखदा
२५ नोव्हेंबर

मेधाताई,

पिरॅमिडचे मर्म मेणबत्तीत नाही, वर चढणाऱ्या उबदार हवेत आहे. ती हवा चाकाच्या तिरप्या पात्यांना ढकलते म्हणून चाक फिरते. मग पात्यांच्या जागी कागदाचा साप घेऊ या. ताटलीएवढे वर्तुळ कापायचे, त्यावर कडेपासून मध्यापर्यंत चकलीसारखी रेघ काढायची, रेघेवरून कापत जायचे आणि मध्यबिंदूला दोरा ओवून तो साप हीटरवर टांगायचा. काही क्षणांतच तो गरगर फिरू लागतो. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. रेघेवरून कापताना तिचा हात कागद फिरवत राहतो, कात्री जागची फारशी हलत नाही. कात्री धरण्याचा याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही. पिरॅमिड शेजारी मेणबत्त्यांविना मांडून ठेवावा, आणि सापाशी त्याचे काय नाते आहे, हे मुलांना विचारावे.

सुखदा


प्रेषक: सुनील (सभागृह व्यवस्था)
२५ नोव्हेंबर

छोट्या खोलीत भिंतीवरचे हीटर नाहीत. तेथे जमिनीखालून ऊब येते, आणि त्या मंद उबेवर साप फिरणार नाही.

सुनील


प्रेषक: अनंत
२६ नोव्हेंबर

चि. सुखदा,

सापाची कल्पना उत्तम आहे आणि सुनीलने काढलेल्या अडचणीवर उपाय माझ्या तळघरात आहे. तंतूचे जुने दिवे युरोपीय संघात २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने विक्रीतून गेले. तेव्हा जपून ठेवलेले चाळीस वॅटचे काही दिवे माझ्याकडे अजून आहेत. काल रात्री असा एक दिवा टेबलावर उभा लावून वीतभर उंचीवर कागदाचा साप टांगला, आणि तो थोड्याच वेळात फिरू लागला. त्याच उंचीवर तेवढाच उजेड देणारा एलईडी दिवा लावला, तर तो जवळजवळ जागचा हलला नाही. वर्गात हे दोन्ही दिवे शेजारी शेजारी असावेत. सारखाच उजेड असून एकच साप का फिरतो, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तर देण्याची घाई मोठ्यांनी करू नये. कोणी ना कोणी मूल दुरून हात धरून ऊब ओळखेलच. तंतूचा दिवा बराच तापतो, म्हणून टेबलाभोवती खुर्च्यांचे कुंपण करून मी स्वतः तेथे बसेन.

अनंतकाका


प्रेषक: रीटा
२६ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार.

दिवा कोणता असावा यावर एवढी चर्चा झाली, पण नाताळच्या वर्गात गोठा कुठेच नाही, हे मला मनापासून खटकले. आमच्या वसईत डिसेंबर उजाडला की घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते. माझी आई नाचणी रात्रभर भिजवून पसरट थाळीत ओल्या मातीवर पेरायची, थाळी सावलीत झाकून ठेवायची आणि अंकुर दिसले की उजेडात आणायची. नाताळापर्यंत तिचे हिरवेगार शेत तयार व्हायचे, आणि बाळ येशूचा गोठा त्या शेतात मांडला जायचा. पाणी घालण्याचे काम आम्हां भावंडांचे असे, आणि जास्त पाणी झाले की रोपे कुजतात, हे आम्ही त्या थाळीतच शिकलो.

१४ तारखेला पेरले तर २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत दहा दिवस मिळतात. नाचणीला ऊब जास्त लागते, त्यामुळे येथील थंड खिडकीत अख्खे गहू लवकर आणि उंच वाढतील. ज्या घरांत नवरात्रात घट बसतात, तेथील मुलांना हे पाहताक्षणी ओळखीचे वाटेल. प्रत्येक मुलाला एकेक वाटी घरी देता येईल. गहू मी आणते.

रीटा


प्रेषक: प्रसाद
२६ नोव्हेंबर

माझी सूचना थोडी वेगळी आहे. नाताळाची हस्तकला मुले बालवाडीत महिनाभर करतात. आपला वर्ग मराठीसाठी आहे, आणि महिन्यातून दोनदाच भरतो. तो वेळ कातरकामात गेला तर वाचनाचे काय? अक्षरगट अजून पूर्ण झालेले नाहीत.

प्रसाद


प्रेषक: सुखदा
२७ नोव्हेंबर

प्रसाददादा,

कापणे, ओवणे, टांगणे, भिजवणे, पेरणे, रुजणे, तापणे ही क्रियापदे मुले पुस्तकातून किती काळ लक्षात ठेवतील? हाताने केलेले काम शब्दासकट राहते. शिवाय मोजणीही आहेच. योहान हिन्रिक विशर्न यांनी हॅम्बुर्गमध्ये चालवलेल्या आश्रमातील मुले नाताळाला किती दिवस उरले, असे सारखे विचारत, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोजच्यासाठी लहान तांबड्या आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या होत्या. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक करून लावायच्या चार मेणबत्त्यांचे आजचे अ‍ॅडव्हेंट वलय त्यातूनच आले. आपल्या मुलांना कागदाची पट्टी द्यावी, तिच्यावर दहा रकाने आखावेत आणि रोज त्या त्या रकान्यात रोपाची उंची व मराठी अंक लिहायला सांगावे.

सुखदा


प्रेषक: मेधा (बालवर्ग)
२७ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. पत्रकात पुढीलप्रमाणे लिहीत आहे.

सुरुवातीला रीटाताई गोठ्याची आणि जन्माची गोष्ट मराठीत सांगतील आणि मुले गहू पेरतील. गहू आदल्या रात्री भिजवलेले असावेत, म्हणजे वर्गातल्या वर्गात पेरणी होईल. त्यानंतर कागदाचे साप कापायचे आणि अनंतकाकांच्या दोन दिव्यांपाशी तीन-तीन मुलांनी आळीपाळीने जायचे. बाकीच्यांनी तोवर सुखदाजवळ बसून दहा रकान्यांची पट्टी रंगवावी. प्रसाददादा, पट्टीवरचे अंक आणि तिच्याखालची एक ओळ मुलांकडून आपण लिहून घ्यावी. अक्षरगटाचे काम त्यातच होईल.

नाताळात टांगतात तो हर्नहूट गावचा कागदी तारा या वर्गात करावा, अशी मला स्वतंत्र पत्रे आली आहेत. नीस्की येथील मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमितीचा धडा म्हणून १९व्या शतकात तयार झालेला तो तारा मलाही अतिशय प्रिय आहे. परंतु त्याला १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी टोके असतात आणि पाच वर्षांच्या मुलांकडून ती होणार नाहीत. त्यांची टोके पालक करत बसतील आणि मुले नुसती पाहत राहतील. आपल्या आकाशकंदिलांचा उरलेला पतंगी कागद मोठ्या वर्गाला द्यावा आणि तारा त्यांनी करावा.

आता एकच गोष्ट उरते. बालवर्गाच्या कपाटातल्या बोथट कात्र्या दिवाळीपासून दिसत नाहीत, आणि कपाटाची किल्ली ग्रंथालयाकडे आहे.

मेधा


प्रेषक: सुनील (सभागृह व्यवस्था)
२७ नोव्हेंबर

कात्र्या रंगमंचाच्या साहित्याच्या निळ्या पेटीत आहेत. किल्ली माझ्याकडे मागावी, ग्रंथालयाकडे नव्हे. अनंतकाकांच्या दिव्याची वायर छोट्या खोलीतील खिडकीजवळच्या प्लगपर्यंत पोहोचते का, हे मात्र आधी पाहावे लागेल; तेथे जोडवायर वापरायची असेल तर ती मुलांच्या वाटेत येऊ नये. शनिवारी दहा वाजता मी सभागृहात असेन.

सुनील