राजीनामा घेऊन मिटवायचं की चौकशी लावायची?

मरोळचा_हिशेबनीस: आमच्या कंपनीत खरेदी खात्यातला जुना माणूस टेम्पोभाड्याची खोटी बिलं लावताना सापडला. भिवंडी ते मरोळ, एकच गाडी, एका दिवसात पाच फेऱ्या! ट्रॅफिक बघता दोन झाल्या तरी देव पावला. मालक म्हणतात, राजीनामा घ्या, विषय संपवा. मला पटत नाही. बिल तो लावतो, पण सही दुसऱ्याची आणि पेमेंट तिसऱ्याचं. ते दोघं जागेवरच राहणार.

परळकर: चौकशी लावा म्हणणं सोपं आहे हो. बाहेरचा ऑडिटर आणला की त्याची फी. निलंबित केलंत आणि स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम) लागू असतील, तर पहिले ९० दिवस निम्मा पगार घरबसल्या, पुढे ७५ टक्के. आमच्याकडे एका स्टोअरकीपरची चौकशी झाली. निर्दोष सुटला, पण नंतर चहाला कोणी हाक मारेना. शेवटी सोडून गेला बिचारा. त्याची भरपाई कोण करणार?

दादरचा_सीए: रक्कम किती ते तरी कळलंय का? जे सापडलं तेवढंच, हे गृहीत कसं धरता? २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टच्या शाखेचं प्रकरण बाहेर आलं, तेही संबंधित अधिकारी निवृत्त झाल्यावर. हमीपत्रं स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशयंत्रणेवरून, जात होती, बँकेच्या मुख्य प्रणालीत नोंदच नाही.

परळकर: कुठे ती बँक, कुठे टेम्पोभाडं! तो जनतेचा पैसा होता, हा मालकाचा. सोडायचा की नाही ते तो ठरवेल.

दादरचा_सीए: सगळंच मालकाच्या हातात नसतं. कंपनी कायदा, कलम १४३(१२): ऑडिटरला अफरातफर दिसली तर १ कोटीपासून पुढची केंद्र सरकारला कळवावी लागते, त्याखालची संचालक मंडळाला नाहीतर ऑडिट कमिटीला.

एचआर_मुलुंड: राजीनामा घेतलात तर ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल. नुकसानीपुरती रोखायची तर त्याच कारणावरून कामावरून काढलेलं असावं लागतं, म्हणजे आरोपपत्र, त्याचं म्हणणं, सगळं रीतसर. शिवाय पुढच्या कंपनीचा फोन येतो, ‘माणूस कसा होता?’ तेव्हा मी काय सांगू? वर्तन चांगलं?

मरोळचा_हिशेबनीस: ग्रॅच्युइटीचं ऐकून मालक जरा थबकलेत. सोमवारी नोटीस काढू म्हणतात.

परळकर: माझं मत तेच आहे. पण काढणारच असाल तर आधी त्याचा लॅपटॉप आणि बिलांच्या फायली ताब्यात घ्या, मग नोटीस. उलटं केलंत तर हाती काही लागणार नाही.