ओले गवत कापण्यासाठी बसून चालवायचे यंत्र कोणते घ्यावे? (मदत हवी आहे)

हिरवा_कोपरा (इंदूर): सिमरोलकडच्या आमच्या जागेत गवत गुडघ्याला लागले आहे. हाताने ढकलायचे पेट्रोलचे यंत्र दर दहा पावलांवर बंद पडते आणि उलटे करून पाहावे, तर पात्याभोवती हिरव्या लगद्याचा बोटभर थर बसलेला असतो. पाऊस उघडण्याची वाट पाहिली, तर गवत आणखी वाढते. पुढच्या रविवारी घरी कार्य आहे, म्हणून ओल्या गवतात चालणारे यंत्र कृपया लवकर सुचवावे.

माळवी_माळी: जागा किती, उतार किती आणि माती कोणती, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

हिरवा_कोपरा: सव्वा एकर. माती अर्थातच काळी. मागे नाल्याकडे उतार आहे. आता तरी नाव सांगावे.

माळवी_माळी: नावापेक्षा रचना पाहावी. कापलेले गवत आतच बारीक करून जमिनीवर सोडणारे यंत्र पावसाळ्यासाठी घेऊ नका, कारण ओले गवत आत फिरत राहून त्याचे लोंदे होतात. बाजूने गवत फेकणारे, ४२ इंच रुंदीचा पट्टा कापणारे यंत्र घ्या, त्याला हवा जास्त उचलणारी पाती लावा, आणि इंजिन पूर्ण वेगात ठेवून गाडी मात्र सावकाश चालवा. पात्यांना धार असली, तरच ओली काडी तुटते. बोथट पाते ती नुसती वाकवते.

चारचाकी_शेतकरी: माझ्या मते जागच्या जागी वळणारे झीरो टर्न घ्यावे. आमचे दोन एकरांचे काम त्याने निम्म्या वेळात होते.

माळवी_माळी: आपली जागा सपाट असावी. झीरो टर्नची पुढची चाके नुसती फिरती असतात; वळवणे आणि थांबवणे मागच्या दोन चाकांवरच असते. ओल्या उतारावर ती घसरली, की यंत्र सरळ नाल्यात जाईल. ट्रॅक्टरसारखे यंत्रही १५ अंशांहून जास्त उतारावर नेऊ नये, आणि नेले तर आडवे न चालवता खालीवर चालवावे.

रोपवाटिका_ताई: मुळात जुने गवत काढून सिलेक्शन १ या जातीचे लॉनचे गवत लावले, तर ते बुटके राहते आणि छान दाट होते.

हिरवा_कोपरा: ताई, सूचनेबद्दल आभार, पण रविवारपर्यंत नवे गवत कसे उगवणार?

महूचा_दादा: गुडघाभर गवतात कोणतेही लॉनचे यंत्र थेट घालू नका. आधी ब्रश कटरने (दांड्याच्या टोकाला फिरते पाते असलेल्या, हातात धरायच्या यंत्राने) वीतभर उंचीवर आणा, गोळा करा, मग बसायचे यंत्र दोन फेऱ्यांत, दुसऱ्या फेरीत पाती खाली घेऊन चालवा. शिवाय आपल्या काळ्या मातीत आधी टाच रोवून पाहावी. खड्ड्यात पाणी साचले, तर दोनशे किलोंच्या आसपासचे यंत्र त्या दिवशी आत नेऊ नका. मागच्या वर्षी मी नेले होते आणि चाकांचे चर दिवाळीपर्यंत बुजले नाहीत. लगदा खरवडण्याआधी इंजिन बंद करून प्लगची वायर काढायला विसरू नका.

हिरवा_कोपरा: आत्ताच टाच रोवून आलो. पुढे जमीन घट्ट आहे, नाल्याकडे मात्र पाणी वर आले. तेव्हा रविवारसाठी ब्रश कटर भाड्याने आणून पुढचीच बाजू कापतो. बाजूने गवत फेकणाऱ्या यंत्राची पाती आणि पट्टे इंदुरात कुठे मिळतात, हे मात्र खरेदीआधी कळायला हवे. कोणाला ठाऊक असल्यास सांगावे.