जुने रिव्हर्सो मिळते आहे, पण डायलविषयी शंका आहे. घ्यावे की थांबावे?

संत्रा बागायतदार, वरुड तालुका

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे मी पोलादी केसचे (म्हणजे बाहेरच्या कवचाचे), अगदी सुरुवातीच्या काळातले रिव्हर्सो हे मनगटी घड्याळ शोधतो आहे. या घड्याळाची ओढ लागली ती त्याच्या जन्मकथेमुळे. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटत असत. ही तक्रार सेझार द त्रे या स्विस व्यापाऱ्याच्या कानावर गेली आणि पुढे पॅरिसच्या रने-अल्फ्रेद शोव्हो यांनी सरकवून उलटी करता येणारी केस तयार करून 4 मार्च 1931 रोजी पेटंटसाठी अर्ज केला. काच आत जाते, पाठ वर येते आणि चेंडूचा किंवा काठीचा मार पोलादावर बसतो.

आंबिया बहाराचा माल विकला गेला की दरवर्षी थोडी रक्कम या घड्याळासाठी बाजूला ठेवत आलो. एकदा सौदा ठरत आला असताना गारपिटीने बाग झोडपली आणि ती रक्कम फवारणीत व मजुरीत गेली. दुसऱ्यांदा धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. दोन्ही वेळा वाईट वाटले, पण शोध सोडला नाही.

आता नागपुरातील एका गृहस्थांकडे त्यांच्या आजोबांचे घड्याळ आहे व ते साडेतीन लाख रुपये मागत आहेत. तेथील एका जाणत्या घड्याळजींनी भिंगातून पाहून मशीन ताव्हान कारखान्याचे असल्याचे सांगितले. केसच्या वरच्या व खालच्या बाजूच्या आडव्या रेघा बोटाला स्पष्ट लागतात, सरकवताना खटका नेमका बसतो. डायल मात्र पांढरेशुभ्र आहे, त्यावर एकही डाग नाही आणि ‘जेजेर-लकूल्त्र’ हे कंपनीचे पूर्ण नाव ठळक छापलेले आहे. पाठीवर कोणाची तरी दोन आद्याक्षरे कोरलेली आहेत. ती पॉलिश करून घालवून देतो असे मालक म्हणतात. इतक्या वर्षांनी हाताशी आलेले घड्याळ घ्यावे, की आणखी थांबावे?

घड्याळजी, यवतमाळ

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. या कंपनीने 1933 पासून रिव्हर्सोमध्ये स्वतःचे मशीन बसवायला सुरुवात केली. त्याआधीची मशीन ताव्हानकडून येत. म्हणजे तुमचे मशीन पहिल्या दोन-अडीच वर्षांतले ठरते. जेजेर आणि लकूल्त्र यांचा व्यवहार जुना असला तरी दोन्ही नावे जोडून कंपनीचे नाव झाले ते 1937 मध्ये. त्यामुळे 1932 च्या आसपासच्या मशीनवर हे जोडनाव असलेले डायल दिसले, तर एक तर डायल नंतर बदलले आहे किंवा रंगवले आहे, असेच मी आधी धरीन.

मी चाळीस वर्षे या कामात आहे आणि डायल रंगवून देण्याचे कामही तरुणपणी केले आहे, म्हणून खात्रीने सांगतो: दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहा. मूळ छपाईत अक्षराची कड कापल्यासारखी स्वच्छ असते. रंगवलेल्या डायलवर ती किंचित फुगलेली दिसते आणि मिनिटांच्या खुणांमधले अंतर कुठे ना कुठे चुकते. डायल काढल्यावर काठावर एखादी बारीक खाच आढळली, तर ती बहुधा छापताना डायल सरळ बसावे म्हणून रंगवणाऱ्याने घातलेली असते. मशीन बिघडले तर आम्ही ते उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा चालते करतो, पण मूळ छपाई एकदा खरवडली गेली की ती कोणालाही परत आणता येत नाही. मला विचाराल तर पिवळे पडलेले, डाग असलेले पण अस्सल डायल मी या शुभ्र डायलपेक्षा केव्हाही वरचे मानीन.

निवृत्त शिक्षिका, आर्वी

दादा, ती आद्याक्षरे कृपा करून पुसू देऊ नका. काच वाचवण्यासाठी केलेल्या त्या कोऱ्या पाठीवर लोकांनी आपली अक्षरे, चिन्हे आणि मीनाकाम करून घेतले, आणि त्यातूनच हे घड्याळ ज्याचे त्याचे झाले. माझ्या यजमानांकडेही त्याच घडणीचे एक घड्याळ होते. ते गेल्यावर मी ते स्वच्छ करायला दिले, तेव्हा दुकानदाराने न विचारता पाठ घासून दिली. त्यांच्या हातातले घड्याळ परत मिळाले, पण अंगठा फिरवला की जिथे अक्षर लागायचे तिथे आता काहीच लागत नाही. शिवाय पॉलिश करताना तुम्ही म्हणता त्या आडव्या रेघाही झिजतात.

संग्राहक, मूर्तिजापूर

आणखी एक गोष्ट तपासावी. रिव्हर्सोची मागणी ओसरल्यानंतर 1972 मध्ये जॉर्जिओ कॉर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कंपनीकडे पडून असलेल्या 200 रिकाम्या केस घेऊन त्यांत मशीन बसवून विकल्या. त्या घड्याळांनीच या घडणीला पुन्हा जीवदान दिले, पण केस जुनी म्हणजे सगळे जुने, असे समजू नये, हे त्यावरून लक्षात येते. तुमच्या बाबतीत मशीन पूर्वीचे आहे, ही जमेची बाजू आहे.

मी असतो तर सोडले नसते. मात्र डायल रंगवलेले आहे असे धरून भाव बोललो असतो आणि मूळ डायलचा शोध पुढे चालू ठेवला असता. माझ्या एका घड्याळाचे काटे मला सहा वर्षांनी मिळाले. घेतलेच, तर वावरात घालून जाऊ नका. या घडणीची जलरोधक केस 1985 मध्ये आली; त्याआधीच्या केसमध्ये आपल्याकडची मे महिन्यातली धूळ सहज शिरते.

संत्रा बागायतदार, वरुड तालुका

सर्वांचे मनापासून आभार. मालकांशी फोनवर बोललो. माझ्यासमोर घड्याळजींकडून डायल काढून दाखवायला ते तयार झाले आहेत आणि पाठीला हात लावणार नाही, असेही त्यांनी कबूल केले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, आजोबांच्या कपाटात घड्याळाच्या सुट्या भागांची एक पत्र्याची डबी आहे, पण ती त्यांनी कधी उघडून पाहिलेली नाही. ती डबी तशीच बंद ठेवायला सांगितली आहे. सोमवारी पहाटेच्या बसने भिंग घेऊन नागपूरला जातो आहे.