लारेसच्या वाटेवरील विणकर गावे: ट्रेकचा मुक्काम तिथे असावा का?

रानवाटा:
गेल्या मे महिन्यात पेरूतील कुस्को भागात लारेस ते पाताकांचा असा तीन दिवसांचा ट्रेक वाटाड्यासह केला. माचू पिच्चूकडे जाणाऱ्या इंका वाटेवर हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला ५०० जणांनाच सोडतात. ती परवानगी न मिळालेले अनेक जण लारेसकडे वळतात, तसाच मीही वळलो.

पहिल्या मुक्कामी, वाकावासी गावात, आमच्यासाठी दहा-बारा स्त्रिया आपले विणकाम मांडून बसल्या होत्या. त्यांतील एकीने मागाचे एक टोक जमिनीत रोवलेल्या खुंटीला बांधले, दुसरे कमरेच्या पट्ट्याला अडकवले आणि पाठ किंचित मागे रेलून सगळा ताणा स्वतःच्या अंगाने ताणून धरला. लामाच्या हाडाच्या टोकदार हत्याराने ती एकेक धागा उचलत होती, आणि नक्षीचा कागद समोर नसताना एकदाही चुकली नाही. वीस मिनिटांत आमच्यातील दोघांनी कमरपट्टे विकत घेतले. बाकीच्या जणींनी आपापली वस्त्रे घडी घालून पाठीवर बांधली आणि त्या घरी गेल्या.

रात्री वाटाड्याला विचारले तेव्हा कळले, की आमच्या शुल्कात 'संस्कृतीदर्शन' म्हणून घेतलेल्या रकमेतील काहीही या स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही; विक्री झाली तरच त्यांना पैसे मिळतात. माझे स्पष्ट मत असे, की प्रात्यक्षिकाचा मोबदला ठरलेला नसेल तर ट्रेकने त्या अंगणात थांबूच नये.

हातमाग:
आपली तळमळ समजते, परंतु निष्कर्ष पटत नाही. मी येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातली आहे. आमच्या मागापाशीही लोक येतात, पाहतात आणि बहुतेक वेळा काही न घेता जातात, तरी त्यांनी येऊच नये असे आमच्या घरात कोणाला कधी वाटले नाही. मागणी आटली की पहिल्यांदा मुली माग सोडतात. कुस्को भागात हेच होऊ नये म्हणून चिंचेरोच्या विणकर नील्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये इतरांच्या साथीने पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र उभे केले. जुन्या नक्ष्या आणि वनस्पतींचे रंग तिथे पुन्हा शिकवले जातात, आणि ते वस्त्र विकत घेणाऱ्यांत पर्यटकच मोठ्या संख्येने आहेत. आपण थांबणे बंद केलेत, तर त्या दोन पट्ट्यांचे पैसेही गेले.

दख्खनवाट:
येवल्याच्या विणकराचे दुकान, व्यापारी आणि गिऱ्हाईक जवळ आहे. ४४०० मीटरहून उंच खिंडीच्या अलीकडे राहणाऱ्या बाईला रोज तेवढे पर्याय नाहीत, म्हणून ही तुलना मला अपुरी वाटते. याशिवाय घाईचा परिणाम कापडावरही होतो. तिथली 'लिक्ल्या' ही खांद्यावरची ओढणी दोन पट्ट्या स्वतंत्र विणून मध्ये शिवतात. चारही कडा मागावरच पूर्ण होतात, कापड कापले जात नाही. त्यासाठी कित्येक आठवडे लागतात. वीस मिनिटे थांबणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र स्वस्त आणि पिशवीत मावणारी वस्तू हवी असते, आणि मग टकळीवर कातलेल्या लोकरीच्या जागी बाजारातील कृत्रिम धागा येतो. इंका वाटेवरील हमालाच्या पाठीवरील ओझ्याला २० किलोंची मर्यादा घालणारा कायदा पेरूने २००१ मध्ये केला. ओझ्याला नियम होऊ शकतो, तर विणकराच्या वेळेला का नाही?

हातमाग:
नियम हवा, हे मान्य. 'थांबू नये' याला माझा विरोध आहे. रंगाचेच पाहा. फड्या निवडुंगावरचे किडे वाळवून, कुटून जो किरमिजी रंग काढतात, त्यात लिंबाचा रस पडला की तळहातावरच छटा बदलते. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस कृत्रिम धाग्याला आणि खऱ्या लोकरीला एकच भाव देणार नाही. पाहायला मिळालेच नाही, तर वाजवी किंमत देणारे गिऱ्हाईक तयार होणार कुठून?

रानवाटा:
हा मुद्दा मी मान्य करतो, आणि 'थांबूच नये' हे शब्द मागे घेतो. तळहातावरचा तो रंग आम्हीही पाहिला होता आणि त्यानंतरच माझ्या सोबत्याने पट्ट्याची किंमत पाडून मागणे थांबवले, हे लिहायचे राहून गेले होते. मात्र घरी परतलेल्या त्या आठ-दहा जणींचा अर्धा दिवस कोणाच्याच हिशेबात नव्हता, यावर मी ठाम आहे. त्या दिवशी त्यांचे बटाट्याचे शेत आणि मेंढ्या कोणी पाहिल्या असतील?

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी आरक्षणापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रात्यक्षिकासाठी बसणाऱ्या प्रत्येकीला विक्री होवो न होवो, किती सोल (पेरूचे चलन) दिले जातात, आणि ते कोणाच्या हाती दिले जातात. मी ज्या ट्रेक कंपनीसोबत गेलो तिला हेच प्रश्न पत्राने पाठवले आहेत. उत्तर आले की याच चर्चेत जसेच्या तसे देईन.

दख्खनवाट:
तिसरी गोष्टही विचारा: थांबा वीस मिनिटांचा की निदान अर्ध्या दिवसाचा. पैसे चुकते करूनही पाहणारा घाईतच असेल, तर लिक्ल्या विणायला कोणी बसणार नाही.