अनुभव धागा : गोठ्यावर मदतीला जाताना

चार-पाच गाई-म्हशी आणि दहा-पंधरा शेळ्यांचा कोठा सांभाळणाऱ्या नागपूरकडच्या मंडळींनी इथे लिहावं. काम कसं करायचं, माप किती आणि चुकतं कुठे, तेवढं सांगा.

काटोल रोड
धारेपासून सुरुवात करतो. कास कोमट पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओली राहिली तर मळकं पाणी सडावरून ओघळून दुधात पडतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळं फडकं ताणलेल्या वाटीवर घ्या. गुठळी किंवा कण दिसला तर त्या जनावराची धार सगळ्यांत शेवटी काढा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. अंगठा दुमडून पिळू नका, सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने पिळा. पान्हा सुटला की सात-आठ मिनिटांत काम आटपा, नंतर दूध वर चढतं.

धार संपताच गव्हाणीत वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. खायला असलं की जनावर तेवढा वेळ उभं राहतं. लगेच शेणामुतात बसलं तर दगडी (कासेचा दाह) बरेचदा तिथूनच सुरू होते.

हिंगणा
आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या छपरावर अर्धा फूट पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा तणस (धानाचा पेंढा) अंथरून दोरीने बांधा, चूल मात्र लांब ठेवा. पश्चिमेकडे ओला बारदाना लावा, पण बाकीच्या बाजू मोकळ्या हव्यात. दमट हवा कोंडली की जनावराची धाप उलट वाढते.

दुभत्या गाईला या दिवसांत 60 ते 80 लिटर पाणी लागतं. ड्रम उन्हात असेल तर पाणी इतकं तापतं की गाय तोंड बुडवते, नाक फुरफुरवते आणि मागे सरते. बघणाऱ्याला वाटतं तहान नाही! हात घालून पाहायची सवय लावा. कुटार (भुसा), कडबा पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून कोरडी वैरण रात्री आणि पहाटे, दुपारी हिरवं. म्हशीची कातडी काळी, घामही कमी; तिच्या अंगावर दुपारी दोनदा पाणी मारायलाच हवं.

मौदा
आमच्याकडे धान, म्हणून तणस भरपूर, पण त्यात कस नाही. कस वाढवायला 100 किलो तणसाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर, शिंपडणं, दाबणं, पुन्हा थर. वरून ताडपत्री, 21 दिवस हवाबंद. रोज लागेल तेवढंच काढा आणि वास उडेपर्यंत पसरून ठेवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. खरा धोका बादलीत उरलेल्या युरियाच्या पाण्याचा आहे. जनावर ते प्यायलं तर दगावतं, त्यामुळे बादली तिथल्या तिथे धुवा.

उमरेड
शेळ्यांचं सांगतो. लग्नाघरचा उरलेला भात, पोळ्या प्रेमाने आणून टाकणारे असतात. त्यांना हात जोडून थांबवा. एकदम पोटभर धान्य गेलं की पोटात आम्ल वाढतं. शेळी चारा सोडते, दात खाते, पातळ हगते आणि आडवी होते. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस मृगाच्या आधी, पहिल्यांदा देत असाल तर 15 दिवसांनी दुसरा डोस.

गुडघ्याएवढ्या ज्वारीत किंवा कापणीनंतरच्या फुटव्यात कळप सोडू नका, किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते आणि डॉक्टर येईपर्यंत उशीर होतो.

कामठी
हिंगणावाल्यांच्या छपराला माझी भर : तणसाच्या त्या थरात, भिंतीच्या भेगांत गोचीड दडतात. मादी अंडी घालायला अंगावरून उतरते, म्हणून नुसत्या जनावरावर औषध फवारून भागत नाही. जनावर आणि कोठा एकाच दिवशी, पुन्हा 15-20 दिवसांनी. फवारणीआधी पाणी पाजून घ्या, तहानलेलं जनावर अंग चाटतं.