मामांची एमजीबी जीटी ठेवू की विकून अ‍ॅस्टर घेऊ? (बडोदा)

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. मामांकडे १९६६ ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार आहे, त्यांना आता गुडघ्यांमुळे चालवणं होत नाही, म्हणतायत तू घेऊन जा नाहीतर विकून टाकू. बायकोचं म्हणणं, विकून त्यात थोडे घालून अ‍ॅस्टर घेऊ, ती एमजीची आत्ताची एसयूव्ही, आईंना चढा-उतरायला सोपी, एसी आहे, आणि बॅज तर एमजीचाच. माझं ऑफिस मकरपुऱ्याला, रोजचं जाणंयेणं. गाडी स्टार्ट होते पण दाराखालचा पत्रा फुगलाय. लहानपणापासून त्या गाडीवर जीव आहे हो, नीट सांगा.

गॅरेजवाला_रावपुरा:
दादा, आधी पत्र्याचं बोलू, बाकी सगळं नंतर. एमजीबीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, दाराखालची ती पेटी म्हणजे सिल, तीच गाडीचा भार उचलते. सपाट जागी मागून जॅक लावून थोडी उचला आणि दाराची फट बघत राहा, फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर सिल गेलं समजा. मग पुट्टी-रंग मारून देतो म्हणणाऱ्याकडे अजिबात टाकू नका. जुना पत्रा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्यायचा असतो, नाहीतर बॉडी मधेच बसते आणि पुन्हा दार कधी जुळत नाही. पार्टची काळजी नको, इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज अजून एमजीबीचे पत्रे बनवते.

इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, साधं आणि दणकट काम आहे. मात्र आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यात जुने रबरी पाइप खराब होतात, ते सगळे आधी बदला. आणि तुमच्या मॉडेलला अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, कोणी बघितल्याशिवाय नवा गाण्यांचा टेप जोडला तर जळेल.

आकोटा_ताई:
भाऊ, रोज मकरपुऱ्याला जीटी नेणार असाल तर आधी २०२१ चे नियम वाचा. ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवली की प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मामांच्या आरसीवर आत्ता काय लिहिलंय ते आधी बघा.

आईंसाठी अ‍ॅस्टरच बरी, जीटीची मागची सीट लहान मुलांपुरती, आणि आपल्या मे महिन्यात त्या काचेखाली कुणाला बसवणार? शहरात तिचं १.५ लिटरचं इंजिन पुरतं. आणि ती बनते आपल्या हालोललाच, आधी जनरल मोटर्सचा होता त्या कारखान्यात.

पण विकू नका हो. २०२३ ला लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा लोक एकेका गाडीपाशी किती वेळ उभे होते! जीटीची ती छताची ओळ पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या हातची आहे, मागचं दार वर उघडतं, १९६५ ला हे असं काढलं होतं त्यांनी. एकदा गेली की या किमतीत परत येणार नाही. अ‍ॅस्टर हप्त्यावर घ्या, जमत नसेल तर एखादी सेकंडहँड बघा.

दांडियाबाजारकर:
ताई, आरसी मामांकडून मागवतो. गॅरेजवाले दादा, या रविवारी जॅक लावतो, दोन्ही बाजूंच्या फटीचे फोटो टाकतो, बघून सांगाल ना?

गॅरेजवाला_रावपुरा:
टाका की. आधी जॅक न लावता एक काढा आणि मग लावून, म्हणजे फरक कळेल. आणि गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावल्याशिवाय.