सुपरमार्केटच्या अर्जावरचं पत्र: पार्किंग दोन तास की तीन?

मंडळी, नव्या सुपरमार्केटच्या बांधकाम परवानगीच्या अर्जावर आपण कौन्सिलला लिहितोय त्या पत्राचा मसुदा रविवारीच पाठवलाय. मत कळवायची कौन्सिलची २१ दिवसांची मुदत शुक्रवारी संपतेय. अडलंय फक्त चौथ्या मुद्द्यावर, सेक्शन १०६ च्या करारात (परवानगीसोबत कौन्सिल अर्जदाराशी करते तो अटींचा करार) मोफत पार्किंग दोन तास मागायचं की तीन? आज रात्रीपर्यंत कळवा.
– सचिव

तीनच मागा. ट्रॉली भरून, रांगेत उभं राहून सामान डिकीत टाकेपर्यंतच सव्वा तास जातो, मग हायस्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाराच्या रस्त्यावर, चालत जाऊन बूट दुरुस्तीला टाकायचे, केस कापायचे, लायब्ररीत डोकावायचं, कोण करणार? दंडाच्या भीतीने माणूस सरळ घर गाठतो. आणि मसुद्यातलं 'दुकानदारांचा धंदा बसेल' हे वाक्य काढा हो, बायपासच्या वेळीही मी हेच सांगत होतो. दुकानादुकानातली स्पर्धा प्लॅनिंगवाले धरत नाहीत, अख्ख्या टाउन सेंटरवर काय परिणाम होईल ते धरतात.
– माजी अध्यक्ष

काका, 'काढा हो' म्हणणं सोपं आहे. मी अकरा वर्षं कार्डांच्या दुकानात काउंटरवर होते. रिंगरोडवर मोठं स्टोअर आलं आणि वाढदिवसाची कार्डं लोक तिथेच ट्रॉलीत टाकायला लागले. मालकाने मला वही दाखवली होती, शनिवारच्या पानावर अर्ध्या ओळी रिकाम्या. हे नाही लिहायचं तर काय लिहायचं? वाक्य बदला, काढू नका.
– खजिनदार

पार्किंगवर एवढं बोलताय, पण नकाशा कुणी उघडून पाहिला का? जागा मुख्य बाजारापासून ३०० मीटरच्या आत आहे म्हणून सुपरमार्केटवाले तिला 'एज ऑफ सेंटर' (सेंटरच्या काठावरची जागा) म्हणतायत, पण नुसतं अंतर पुरत नाही, तिथून बाजारात नीट चालत जाता आलं पाहिजे. आणि दार बघा, पार्किंगकडे! हायस्ट्रीटच्या बाजूला सलग विटांची भिंत आणि माल उतरवायचं शटर. आधी राहायचो तिथे अगदी असंच होतं, मी रोज संध्याकाळी त्या भिंतीसमोरच्या बसस्टॉपवर उभा असायचो, पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळलेला माणूस क्वचितच दिसायचा. पाच तास पार्किंग दिलंत तरी भिंतीतून कोण येणार आहे? माझा स्टोअरला विरोध नाही, रिंगरोडपेक्षा इथे आलेलं कितीतरी बरं. आधी सेंटरमधली जागा शोधा, हे तर इंग्लंडचं धोरण १९९६ पासून बजावतंय, त्यालाच सिक्वेन्शियल टेस्ट म्हणतात. पण दार रस्त्याकडे हवं म्हणजे हवंच.
– नवीन सभासद

दादा, दाराचा मुद्दा पहिला घेतला, पार्किंग तीन तास चौथ्यावर राहू दे. भिंत कुठल्या ड्रॉइंगवर आहे तो नंबर पाठवा, नाहीतर ऑफिसर शोधत बसणार नाही. खजिनदारबाई, 'हायस्ट्रीटवरची वर्दळ घटेल' असं केलंय, चालेल?
– सचिव

चालेल, पण 'वर्दळ'च्या आधी 'शनिवारची' घाला.
– खजिनदार